शंभर पेशी आणि शंभर किलो

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात माणसाच्या अंगातल्या मांसपेशींची मोजदाद दिली आहे. एकूण ५००. त्यांतल्या ४०० हातापायांत, ६६ धडात आणि मानेपासून वर ३४. म्हणजे हातपाय बाजूला ठेवले, तर डोके, मान आणि धड मिळून बरोबर १०० भरतात. आजचे शरीरशास्त्र ही संख्या मानत नाही. एका स्नायूचे दोन भाग धरायचे की तो एकच समजायचा, यावरून आजच्या पुस्तकांतही आकडे मागेपुढे होतात. पण मी हा १०० चा आकडा वाचला आणि मला एकदम दुसरा १०० आठवला. माझ्या लहानपणी आमच्या बोदवडच्या बाजारात धान्याचे पोते १०० किलोचे असायचे. जो माणूस ते उचलायचा, त्याच्या याच १०० पेशींवर ते येऊन बसायचे. आज मला बोलायचे आहे ते या दोन शंभरांविषयी.

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. शरीरशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण बोदवड हे बाजाराचे गाव. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे, ज्वारी-मका-कापसाचे. कॉलेजच्या सुट्टीत मी एका आडतीवर काटापट्टी लिहायला बसायचो. शेतकऱ्याचे नाव, माल, वजन, तोलाई, हमाली, असे रकाने भरायचे. समोरून दिवसभर माणसे वाकून जात असायची. चेहरे दिसायचेच नाहीत, दिसायच्या त्या माना आणि पाठी. नंतर एका सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर स्नायूंचा तक्ता पाहिला. कातडी काढलेला, लाल रंगाचा, ताठ उभा माणूस. मला वाटले, याला मी ओळखतो, फक्त याला उभा पाहिलेला नाही.

आधी हा तक्ता कुठून आला ते पाहू. सुश्रुताने सांगितलेली रीत अशी : ज्याचे सर्व अवयव शाबूत आहेत, जो विषाने किंवा दीर्घ आजाराने मेलेला नाही, असा देह घ्यावा. गवतात, सालीत गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावा आणि आडोशाच्या जागी वाहत्या पाण्यात सोडावा. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर पाहावा. एक गंमत सांगतो. सुश्रुताची ‘पेशी’ म्हणजे आपला आजचा स्नायू. त्याचा ‘स्नायु’ म्हणजे बांधून ठेवणारे तंतू, ते तो ९०० सांगतो. आणि आपण आज पेशी म्हणतो ती भलतीच वस्तू, सूक्ष्मदर्शकातून दिसणारी. शब्दही खांदा बदलतात.

फारसीत या विद्येला तशरीह म्हणतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीला इराणच्या मनसूर इब्न इलियास यांनी ‘तशरीहे मनसूरी’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात हाडे, शिरा, स्नायू यांची अख्ख्या देहाची रंगीत चित्रे आहेत. माणूस बेडकासारखा गुडघ्यांत वाकवून पुढ्यात उभा केलेला. पुढे १५४३ साली व्हेसालियसचा मोठा ग्रंथ छापला गेला. त्यातले स्नायूंचे पुतळे डोंगरदऱ्यांच्या पार्श्वभूमीवर ऐटीत उभे आहेत. ते पुतळे कोणाचे? बरेचसे फाशी गेलेल्या गुन्हेगारांचे. आपल्याकडे १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तिथे मराठी, गुजराती, पारशी मुले प्रेत चिरून शिकू लागली. १९४९ साली मुंबई राज्याने शरीरशास्त्राचा कायदा केला. ज्या मृतदेहावर कोणी हक्क सांगत नाही, तो वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा, असे त्यात आहे. आज देहदान करणारी माणसे आहेत, त्यांना माझा सलाम. पण कित्येक वर्षे डॉक्टरांनी मानेचा आणि पाठीचा स्नायू ज्याच्या अंगावर शिकला, तो फलाटावर, धर्मशाळेत, बाजाराच्या ओट्यावर मेलेला बेवारस माणूस होता. आमच्या खानदेशात धुळ्याला १९८९ साली आणि जळगावला २०१८ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले. तिथल्या मुलांनाही पहिल्या वर्षी हेच स्नायू पाठ करावे लागतात. कष्टाने कमावलेली पाठ मरणानंतर पुस्तक होते. जिवंतपणी मात्र ती कोणी वाचत नाही.

ती थोडी वाचून पाहू.

मानेच्या मागे, कवटीच्या तळापासून एक स्नायू सुरू होतो. तो दोन्ही खांद्यांपर्यंत पसरतो आणि खाली निमुळता होत पाठीच्या मध्यापर्यंत उतरतो. दोन्ही बाजू मिळून पतंगाचा आकार होतो. डॉक्टर त्याला ट्रॅपेझियस म्हणतात. जुन्या युरोपी वैद्यांना तो साधूच्या डोक्यावरून पाठीवर पडणाऱ्या टोपडीसारखा वाटला होता, म्हणून त्यांनी त्याला तसे नाव दिले होते. मानेच्या दोन्ही बाजूंना, कानामागच्या उंचवट्यापासून तिरके उतरून छातीच्या आणि गळ्याच्या हाडाला जाऊन मिळणारे दोन पट्टे असतात. मान वळवली की ते बोटाला लागतात. त्यांचे इंग्रजी नाव फार लांब आहे, स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना कमरेपासून वर मानेपर्यंत दोन जाड दोर चालतात, त्यांच्या जोरावर माणूस उभा राहतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायू आहे, श्वासपटल. आणि पोटाच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर एकावर एक, वेगवेगळ्या दिशांनी विणलेले, पोत्याच्या तागासारखेच.

डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. मानेची रचना एवढे डोके दिवसभर तोलून धरण्यासाठी आहे. आता त्या मानेवर पोते ठेवा.

१०० किलोचे पोते एकटा माणूस जमिनीवरून उचलत नाही. दोघे जण दोन टोकांनी हात देतात, तिसरा पाठ देतो. तो कमरेत वाकतो, मान पुढे काढतो, आणि पोते मानेच्या बुंध्याशी, खांद्यांच्या फळीवर येऊन पडते. हातातल्या आकड्याने त्याला धरून ठेवायचे. त्या क्षणी तो श्वास कोंडतो, पोट आवळतो. श्वासपटल वरून दाबते, पोटाचे थर बाजूंनी दाबतात, आणि पोटाची पोकळी हवा भरलेल्या ट्यूबसारखी कडक होऊन कण्याला टेका देते. तोंडातून ‘हुं’ असा जो आवाज येतो तो हाच कोंडलेला श्वास. दात आवळले जातात, कानशिलावरचा स्नायू टरारतो. डोक्याचा, मानेचा, धडाचा एकही स्नायू या वेळी मोकळा नसतो. पण भिंतीत जिथे विरळ जागा असते, जांघेपाशी, तिथून हाच दाब आतड्याला बाहेर ढकलतो. त्याला आपण अंतर्गळ म्हणतो. बाजारात म्हणतात ‘गोळा उतरला’.

मानेच्या बुंध्याशी जो मणका सगळ्यांत वर आलेला असतो, सातवा, तिथे पोत्याचे घर्षण होऊन कातडी जाड होते, कधी गाठच बसते. लंडनच्या कोव्हेंट गार्डन बाजारातल्या हमालांना अशीच गाठ यायची आणि इंग्रज डॉक्टरांनी तिला त्या बाजारावरून नावही दिले होते. आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्ग हमालाच्या मानेवर ती होती. नमाज संपवताना उजवीकडे आणि डावीकडे मान वळवून सलाम फेरतात. त्यांची मान वळायची नाही, ते कमरेपासून सगळे धड वळवायचे. शेजारी बसलेल्या आम्हा पोरांना त्याचे हसू यायचे. डोक्यावर-मानेवर ओझे वाहणाऱ्यांचे मानेचे मणके लवकर झिजतात, हे वेगवेगळ्या देशांतल्या क्ष-किरण तपासण्यांत दिसले आहे. हे मला फार पुढे कळले.

हमाल हा शब्द अरबी. हम्ल म्हणजे ओझे, वाहून नेणे. वाहणारा तो हम्माल. याच धातूपासून उर्दूत ‘हामिला’ आला, म्हणजे गर्भवती. एकीने पोटात वाहायचे, एकाने पाठीवर. मराठीने हा शब्द इतका आपला केला की आज तो परका आहे असे कोणालाच वाटत नाही. ‘गोणी’ची गोष्ट मात्र याहून बोलकी आहे. गोण म्हणजे मुळात बैलाच्या पाठीवर टाकायची थैली. रेल्वे येण्याआधी खानदेशातले धान्य, मीठ, कापूस वंजारी-लमाणांच्या तांड्यांतून बैलांच्या पाठीवर जायचा. म्हणजे गोणीचे माप ठरले ते बैल पाहून.

१८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ भुसावळला आले आणि १८६७ साली नागपूरला पोचले. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जिन आले, प्रेस आले. कापसाची गाठ बांधली जाऊ लागली ती ३९२ पौंडांची, म्हणजे जवळपास १७८ किलोंची. पुढे दशमान पद्धतीत ती १७० किलोंची झाली. बंगालमध्ये १८५५ पासून तागाच्या गिरण्या निघाल्या होत्या, तिथली पोती देशभर पसरली. गाठ आणि पोते दोन्हींचे माप आता जहाज, वॅगन आणि हिशेब यांच्या सोयीचे होते. बैलाची गाडी स्टेशनच्या बाहेर थांबायची, वॅगन रुळावर उभी असायची. मधल्या पन्नास-शंभर पावलांत बैल जाऊ शकत नव्हता. तिथे माणूस घातला गेला. माझे म्हणणे असे की आपल्या भागातला आजचा हमाल हा रेल्वेने घडवला. ओझे वाहणारी माणसे आधीही होती, पण बैलाचे ओझे रोजंदारीने माणसाच्या मानेवर आले ते त्या पन्नास पावलांत.

जुन्या मापात पल्ला म्हणजे १२० शेर, तीन मण. बंगाली मणाने धरला तर ११२ किलो होतात. १९५० च्या दशकाच्या शेवटी किलो आणि क्विंटल आले, आणि पल्ल्याच्या जागी क्विंटलचे पोते आले. बारा किलो कमी झाले खरे, पण ते कोणी हमालाच्या मानेकडे पाहून कमी केले नव्हते. हिशेबाला शंभर सोपे जाते, एवढेच. व्यापाऱ्याला एक पोते म्हणजे एक क्विंटल, बोटावर मोजता येते.

मान पाहणारे लोक नव्हते असे नाही. १७०० साली इटलीतल्या मोदेना गावच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवर पुस्तक लिहिले. त्यात हमालांवर वेगळे प्रकरण आहे. अंतर्गळ, छातीची दुखणी, वाकत गेलेली पाठ हे सगळे तो तिथे सांगतो. वैद्याने रोग्याला आणखी एक प्रश्न विचारावा, तुझा धंदा कोणता, हा त्याचाच आग्रह. पुण्यात नाना पेठेच्या परिसरात वैद्यकी करणाऱ्या डॉ. बाबा आढावांकडे हमाल दुखणी घेऊन यायचे. औषध देऊन भागणार नाही, दुखणे पोत्यात आहे, हे डॉक्टरांच्या लक्षात आले आणि १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी राहिली. मुंबईत सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातून आलेल्या, स्वतः कष्टाची कामे केलेल्या अण्णासाहेब पाटलांनी बाजारातल्या आणि गोदीतल्या ओझेकऱ्यांना संघटित केले. त्यांतून १९६९ साली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. असा कायदा देशात पहिलाच.

‘माथाडी’ हा शब्द बघा. माथ्यावर वाहणारा तो माथाडी. कायद्याने एका माणसाला त्याच्या शरीराच्या भागावरून ओळखावे, असे दुसरे उदाहरण मला पटकन आठवत नाही. या कायद्याने काय दिले? रोज वेगवेगळ्या दुकानात राबणाऱ्या माणसाला मालक कोण, हा प्रश्न सोडवला. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची, आणि मंडळाने हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजेचा पैसा द्यायचा. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत मंडळे आली. मंडळाच्या नोंदवहीत ज्याचे नाव चढले त्याच्या म्हातारपणाला आधार मिळाला. हे काम लहान नाही. अण्णासाहेब पाटील १९८२ च्या मार्चमध्ये गेले, पण मुंबईतल्या जुन्या माथाड्याच्या घरात त्यांचा फोटो आजही देवाच्या शेजारी असतो.

पण मजुरी, निधी, रजा हे ठरले तरी पोत्याचे वजन कोणी ठरवायचे, हा प्रश्न बाजूलाच राहिला. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३४ होते, इजा होईल इतके ओझे माणसाला उचलायला लावू नये असे सांगणारे. ते कारखान्यापुरते. बाजार समितीचे आवार म्हणजे कारखाना नव्हे. १९६७ साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ओझ्याविषयी करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही मर्यादा सुचवली. भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर उठवली २०१० साली. मधे ४३ वर्षे गेली. विशीत आडतीवर कामाला लागलेला माणूस तेवढ्यात साठी ओलांडतो.

केनियातल्या बायकांवर १९८६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. डोक्यावर किंवा कपाळाच्या पट्ट्याने ओझे नेण्याची सवय असलेल्या या बायका आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढे ओझे, जास्तीची ताकद जवळजवळ न लागता, नेऊ शकतात, असे त्यात दिसले. त्यांच्या चालण्याची लयच तशी बसलेली असते. २००५ साली नेपाळच्या भारवाहकांची पाहणी झाली. नामचे बाजारच्या चढावर पुरुष सरासरी आपल्या वजनाच्या ९३ टक्के ओझे नेत होते, आणि जग थक्क झाले. आता आमच्याकडचा हिशेब करा. पंचावन्न किलोचा हमाल आणि १०० किलोचे पोते. त्याच्या वजनाच्या १८० टक्के होतात. अंतर कमी असते, हे कबूल. पण फळीवरून ट्रकात चढायचे असते, आणि थप्पी उंच होत जाते तशी शेवटची पोती डोक्याच्याही वर द्यायची असतात.

या हिशेबात आणखी कोणीतरी आहे. आमचा तालुका पाणीटंचाईचा. चुंबळीवर, आमच्या बोलीत ळ चा य होतो म्हणून चुंबयीवर, घागर आणि घागरीवर कळशी घेऊन जाणाऱ्या बाया मी जन्मभर पाहत आलो. ताठ मान, हात सोडून, गप्पा मारत. केनियातल्या बायकांचा अभ्यास वाचताना मला त्याच दिसल्या. शब्दाच्या अर्थाने खऱ्या माथाडी याच, कारण पुरुष तर पोते माथ्यावर नव्हे, मानेवर घेतो. पण त्यांच्या घागरीला कोणी लेव्ही भरत नाही.

तर पोते. हमालांच्या संघटनांनी ५० किलोची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. संप झाले, आवारात पोती पडून राहिली. व्यापारी म्हणायचे, बारदान दुप्पट लागेल, शिलाई दुप्पट लागेल. ते खोटे नव्हते. बारदानाचा खर्च दिसतो, कारण तो वहीत लिहिला जातो. मानेचा खर्च हमालाच्या घरी पडतो, त्याच्या बायकोच्या हातच्या शेकण्यात आणि बामाच्या डब्यात. शेवटी सिमेंट आधीच पन्नासच्या थैलीत येत होते, खतही येऊ लागले, आणि हळूहळू धान्यही. आज बोदवडच्या आवारात जास्त करून पन्नासचा कट्टा दिसतो.

दहा टनांच्या गाडीला पूर्वी १०० पोती लागायची, आता २०० कट्टे लागतात. दिवसाचे एकूण ओझे तेवढेच, फेऱ्या दुप्पट. पण कण्याला आणि मानेला दिवसाच्या बेरजेपेक्षा एका वेळचे ओझे जास्त तोडते. म्हणून ५० हा आकडा मोलाचा. जुने हमाल हे डॉक्टरांशिवाय सांगतात. एकाने मला सांगितले, ‘कट्टा घेतल्यावर समोरचा माणूस दिसतो. पोत्यात फक्त आपले पाय दिसायचे.’

गेल्या हंगामात मका जोरात होता, तेव्हा मी सहज आवारात गेलो होतो. विशी-बाविशीची पोरे गाडी भरत होती. अंगाने भरलेली, तालमीत जाणारी असावीत. त्यांतला एक पोरगा पाठ देऊन वाकला. त्याच्या पाठीवर दोघांनी कट्टा ठेवला, आणि तो तसाच वाकून थांबला. त्यांनी वर दुसरा ठेवला. तो फळी चढून गेला, टाकून आला. मी विचारले, ‘एकच घे ना बाबा, आता तर पन्नासचे झाले.’ त्याने गमछाने मान पुसली. दर नगावर आहे, दिवसावर नाही. म्हणाला, ‘चाचा, एक फेरी वाचते.’ आणि पुन्हा वाकून उभा राहिला.